शिडी, ओली फरशी आणि कुलूप लावलेली खोली: एकट्याने काचा पुसणाऱ्या एका कारागिराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातलं, कोथरूड भागातलं. नाव, गल्ली, क्लिनिक यातलं काहीच लिहीत नाहीये, ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्यांना इथे नुसतं दादा म्हणतो. मी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो आणि दादांचा पुतण्या आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर हाऊसकीपिंगला आहे, तोच मला त्यांच्या घरी घेऊन गेला, म्हणाला साहेब काका परत शिडीवर चढायचं म्हणतायत, तुम्ही एकदा बोला. मग दादा, वहिनी आणि पुढे त्या क्लिनिकच्या डॉक्टर मॅडम अशा सगळ्यांशी बोलून तो दिवस आम्ही तुकड्यातुकड्याने जुळवला आणि पुढचं काम कसं करायचं तेही ठरवलं. दादांनी सांगितलं लिहा, माझ्यासारखे लई जण आहेत.

दादांचं वय पंचेचाळीसच्या आसपास. आधी एका एजन्सीमार्फत ऑफिसच्या काचा पुसायचे, लॉकडाऊननंतर ते काम गेलं तेव्हापासून स्वतःचं सुरू केलं. बंगले, छोटी क्लिनिक, शोरूम, एखादं मंगल कार्यालय. स्कूटर, बादली, वायपर, स्क्रेपर, मायक्रोफायबरची कापडं, एवढं सामान. एकटेच जातात कारण जोडीला माणूस घेतला तर छोट्या कामात त्याची हजेरी सुटत नाही.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. स्कूटरवर लांब शिडी नेता येत नाही, त्यामुळे असे कारागीर जिथे जातात तिथलीच शिडी वापरतात. कुठे पेंटरने टाकून दिलेली, कुठे वॉचमनच्या खोलीमागे पावसात पडलेली. म्हणजे ज्या वस्तूवर जीव टांगायचा ती रोज वेगळी, तिचा एक पाय तोकडा आहे का, पायरी सैल आहे का, खालचं रबर झिजलंय का हे त्या माणसाला माहीतच नसतं, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना शिडी उलटीपालटी करून बघणं त्याला बरं वाटत नाही.

त्या दिवशी काय झालं

दिवाळीच्या आधीचा रविवार. वर्षातला सगळ्यात जास्त कामाचा काळ, सगळ्यांना वसुबारसच्या आत काचा स्वच्छ हव्या असतात. सकाळपासून दादांची दुसरी कामं उरकली होती, जेवण राहिलं होतं, दुपारी अडीचच्या सुमाराला ते क्लिनिकवर पोचले. खाली पार्किंग आणि वेटिंगचा हॉल, वर पहिल्या मजल्यावर तपासणीची खोली आणि एक छोटं ऑफिस, असा बंगल्याचा केलेला दवाखाना. रविवार म्हणून बंद. मॅडमनी सकाळीच हॉलची चावी दिली होती, तपासणीच्या खोलीत औषधं आणि पेशंटची कागदपत्रं असतात म्हणून तिची चावी दिली नव्हती. वॉचमन सुट्टीवर. सगळ्या इमारतीत दादा एकटे.

पहिल्या मजल्याच्या तीन खिडक्या सरळ झाल्या. चौथी तपासणीच्या खोलीची. तिच्याखाली दुचाकी लावायचं पत्र्याचं शेड, भिंतीपासून साधारण मीटरभर बाहेर आलेलं. शिडी भिंतीजवळ उभी करताच येईना, मधे पत्रा येत होता, म्हणून दादांनी ती शेडच्या कडेवरून तिरकी नेऊन खिडकीशेजारी भिंतीला टेकवली. नंतर टेप लावून मोजलं तर टेकलेली जागा ४ मीटर उंच आणि शिडीचे पाय भिंतीपासून सव्वादोन मीटर लांब येत होते. सगळीकडे शिकवला जाणारा हिशोब आहे चारास एक, ४ मीटर उंचीला पाय १ मीटर बाहेर, म्हणजे शिडी ७५ अंशांच्या आसपास उभी राहते. इथे ती साठीवर आली होती.

खाली पार्किंगची गुळगुळीत टाईल, पाणी जावं म्हणून गेटकडे उतार काढलेला. आधीच्या खिडक्यांचं साबणाचं पाणी त्याच उताराने वाहत आलेलं. दादांना ते दिसलं होतं, म्हणून त्यांनी शिडीच्या पायाखाली घडी करून गोणपाट टाकलं. हे सगळेच करतात आणि मनापासून काळजी म्हणूनच करतात, पण मोकळं टाकलेलं गोणपाट ओल्या टाईलवर शिडीसकट सरकतं. शिडीच्या डाव्या पायाचं रबर झिजून ॲल्युमिनियमची कड बाहेर आली होती हे नंतर कळलं, गोणपाटाने तेही झाकलं गेलं होतं.

वर गेले, काचेचा उजवा भाग झाला. डाव्या बाजूचा हातभर पट्टा राहिला. खाली उतरून शिडी सरकवायची तर डावीकडे शेडचा लोखंडी खांब येत होता. दादा सांगतात तेव्हा अजून हाताने करून दाखवतात, उजव्या हाताने शिडी धरली, डाव्या हातात वायपर, पोट शिडीच्या बाहेर काढलं आणि हात लांबवला. शिडीचा उजवा पाय किंचित उचलला गेला, सगळा भार डाव्या पायावर आला आणि तो गोणपाटासकट घसरला. शेडची कड चुकवून ते टाचांवर खाली आले.

फोन स्कूटरच्या डिकीत होता. हाका मारल्या, पण रविवार दुपारची वेळ, शेजारच्या बंगल्याची दारंखिडक्या बंद. एक पार्सलवाला मुलगा गेटशी येईपर्यंत पाऊण तास गेला असं दादा आणि तो मुलगा दोघांच्या सांगण्यावरून निघतं. मधल्या वेळात दादा बसतच सरकत पायरीपर्यंत गेले होते. मुलाने उचलून स्कूटरवर बसवायची तयारी केली, दादा म्हणाले पाठीत कळ येतीय, नको हलवू, १०८ ला लाव. ते एक वाक्य फार मोलाचं ठरलं. हॉस्पिटलमध्ये उजव्या टाचेचं हाड मोडलेलं दिसलं आणि टाचांवर पडलेल्या माणसाचा मणकाही बघतात म्हणून पाठीचा फोटो काढला तर कमरेचा पहिला मणका दबलेला निघाला. नसेला धक्का नव्हता. उंचावरून टाचांवर आपटलं की झटका पायातून सरळ वर कण्यात जातो, त्यामुळे टाच दुखतेय म्हणून नुसत्या टाचेकडे बघायचं नसतं आणि अशा माणसाला उभं तर अजिबात करायचं नसतं.

नेमकी अडचण काय होती

पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, हात लांबवला म्हणून पडले, संपलं. वहिनींचंही तेच म्हणणं होतं, घाई नडली. मला हे पटत नाही. हात लांबवायची वेळ आली तोपर्यंत बाकी सगळं बिघडून झालेलं होतं.

शिडीबद्दल एक गोष्ट मी कारखान्यातल्या पोरांना कायम सांगतो, तीच दादांना सांगितली. खाली उभं राहून शिडी हलवून बघितली, पहिल्या दोन पायऱ्या चढून बघितल्या, पक्की वाटली, म्हणजे ती पक्की आहे असं होत नाही. माणूस जसजसा वर जातो तसतसा शिडीच्या पायांना बाहेर ढकलणारा जोर वाढत जातो. खालच्या पायरीवर असताना जे रबर आणि जी फरशी पुरते तीच वरच्या पायरीवर पुरत नाही, आणि शिडी जास्त आडवी असेल तर हा जोर अजून वाढतो. दादांनी खाली खरंच हलवून बघितलं होतं, त्यांनी त्यांच्या परीने काळजी घेतलीच होती. त्या परीक्षेतून वरच्या पायरीवर काय होणार ते कळत नाही, एवढंच.

आणि दुसरी अडचण एकटेपणाची. पडणं एक सेकंदाचं, पण नंतरचा पाऊण तास कुणालाच काही माहीत नव्हतं. डोक्याला मार लागून शुद्ध गेली असती किंवा रक्त वाहत असतं तर त्या पाऊण तासाने सगळं ठरवलं असतं. वहिनींना वाटत होतं ते दुसऱ्या कामावर गेले असतील, मॅडमना वाटत होतं काम चालू असेल.

निर्णयाच्या जागा

बोलता बोलता आम्ही कागदावर त्या दिवसातल्या अशा जागा काढल्या जिथे दुसरं काही करता आलं असतं. सगळ्यात मोठी निघाली ती चावी. चौथी खिडकी ॲल्युमिनियमची स्लायडिंग होती. आतून एक पल्ला सरकवला की हात बाहेर घालून किंवा लांब दांड्याचा वायपर घेऊन बरीचशी काच पुसता येते, जाळीचा पल्ला तर उचलून आतच काढता येतो. म्हणजे त्या खिडकीसाठी शिडीची गरजच नव्हती, गरज होती कुलूप उघडायची. दादांना हे सुचलं होतं बरं का. ते म्हणाले रविवारी दुपारी मॅडमना झोपेतून कुठं उठवायचं, आणि चावी मागितली तर त्यांना वाटायचं याला त्या खोलीत काय करायचंय. हा संकोच मला फार महत्त्वाचा वाटतो. गरीब माणूस बंद खोलीची चावी मागायला घाबरतो कारण उद्या काही हरवलं तर बोट त्याच्याकडे जाणार. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या मी फोन केल्या केल्या आले असते हो, पाच मिनिटावर घर आहे. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच हे बोलणं काम ठरवतानाच व्हायला हवं, कुठल्या खिडक्या आतून होतील, कुठल्या खोलीत जावं लागेल, तेव्हा घरचं कोण हजर असेल.

दुसरी जागा कामाचा क्रम. उताराच्या वरच्या बाजूने सुरुवात केल्यामुळे सगळं पाणी शेवटच्या खिडकीखाली आलं. अवघड खिडकी आधी, फरशी कोरडी असताना आणि अंगात दम असताना घ्यायची, सोप्या नंतर. यात एक पैसा खर्च नाही.

तिसरी, शिडी सरळ उभी राहत नाही हे कळलं तो क्षण. मला विचाराल तर तिथे थांबायला हवं होतं, चौथी खिडकी तशीच ठेवून मॅडमना सांगायचं की शेडमुळे ही होत नाही, पैसे कमी द्या. दादा म्हणाले अहो साहेब, तीन पुसल्या आणि एक मळकी सोडली तर पुढच्या वर्षी बोलवत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. पण मॅडमना विचारलं तर त्यांना ती खिडकी राहिल्याचं काहीच वाटलं नसतं. ही भीती कारागिराच्या मनात असते आणि गिऱ्हाईकाला तिचा पत्ता नसतो.

फोनची जागा तर उघडच आहे.

पुढे कुठले पर्याय होते

तीन महिने दादा घरी होते, पहिले काही आठवडे पट्टा आणि प्लॅस्टर. पुतण्या म्हणत होता काका आमच्या कंपनीत या, पण पाय तेवढा वेळ उभं राहायला तयार नव्हता आणि दादांना स्वतःचं काम सोडायचं नव्हतं. मग काय काय करता येईल ते बघितलं.

जोडीला माणूस हा पहिला विचार. खाली शिडी धरायला. मला हा पर्याय वाटतो तितका मोठा वाटत नाही. वर सत्तर किलोचा माणूस असताना शिडी खालून सरकायला लागली तर धरणाऱ्याच्या हाताने ती थांबेलच असं नाही, शिडी धरून ठेवणं हा ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याच्या सल्ल्यातही अगदी शेवटचा उपाय आहे. दुसरा माणूस असण्याचा खरा फायदा हा की काही झालं तर कुणीतरी तिथे आहे. पण रोजची हजेरी परवडत नव्हती, त्यामुळे फक्त मोठ्या कामाला पुतण्याच्या मित्राला घ्यायचं ठरलं.

मग लांब दांडा आणि शुद्ध पाण्याचा ब्रश. ब्रिटनमध्ये काचा पुसणारे आता बरेचसे हेच वापरतात, जमिनीवर उभं राहून दांड्याच्या टोकाच्या ब्रशमधून पाणी सोडायचं, घासायचं, धुवायचं आणि तसंच वाळू द्यायचं, पुसायचं नाही. त्यासाठी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, जवळजवळ शून्य लागतो, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी तर चालतच नाही, घरच्या आरओचंही पुरत नाही, पुढे उरलेले क्षार ओढून घेणारी अजून एक रेझिनची टाकी लावावी लागते. खर्च मोठा, आणि एवढं पाणी स्कूटरवर कसं न्यायचं? शिवाय कार्बन फायबरच्या दांड्यातून वीज वाहते, ओला असेल तर कुठल्याच दांड्यावर भरवसा ठेवू नये, आपल्याकडे गल्लीबोळात विजेच्या तारा घराच्या किती जवळून जातात ते सगळ्यांना माहीत आहे. ॲल्युमिनियमच्या शिडीलाही हेच लागू. म्हणून ते पूर्ण यंत्र बाजूला ठेवलं आणि त्यातली अर्धी कल्पना घेतली, लांब होणारा साधा दांडा, त्याला ओलं करायचा पॅड आणि वायपर. तळमजला आणि पहिल्या मजल्याच्या खालच्या काचा यात होतात, सराव लागतो, पहिल्यांदा कडेला ओघळ राहतात.

स्वतःची शिडी घ्यायची का, यावर बरीच चर्चा झाली. टेलिस्कोपिक, म्हणजे नळ्या एकात एक सरकून लहान होणारी शिडी मिटल्यावर स्कूटरच्या पायाशी मावते, पण स्वस्तातली घेतली तर लॉक नीट बसत नाहीत आणि नळ्यांमधे धूळ गेली की अडकतात. युरोपात २०१८ पासून नवीन टेकवायची शिडी ३ मीटरपेक्षा लांब असेल तर तिला खाली रुंद आडवा पाय लागतो, मी त्याच धाटणीची शोधायला सांगितली. आपल्याकडे शिड्यांच्या सुरक्षेसाठी आयएस ३६९६ भाग २ हे भारतीय मानक आहे, पण दुकानात विचारलं तर काउंटरवरचा माणूस फक्त फूट आणि किंमत सांगतो.

काय केलं

आता दादांचा नियम असा की आधी आतून, मग दांड्याने, आणि हे दोन्ही होत नसेल तरच शिडी. फोनवर काम घेतानाच विचारतात, खिडक्या स्लायडिंग आहेत का, खाली शेड आहे का, फरशी कुठली, घरी कोण असेल. सुरुवातीला त्यांना हे विचारायला जड गेलं, पण लोक उलट फोटो पाठवायला लागले.

आडवा पाय असलेली टेलिस्कोपिक शिडी घेतली, पैसे थोडे पुतण्याने दिले, थोडे मॅडमनी. चढण्याआधी रबर, पायऱ्या आणि लॉक हाताने तपासतात. उभी केल्यावर कोन बघायची सोपी रीत शिकले, पायाची बोटं शिडीच्या पायाला लावून सरळ उभं राहायचं आणि हात समोर खांद्याच्या उंचीला लांब करायचे, तळहात समोरच्या पायरीवर सहज पोचले तर कोन बरोबर. पँटच्या पट्ट्याचं बकल शिडीच्या दोन दांड्यांच्या आत राहिलं पाहिजे, ते बाहेर जायला लागलं की उतरून शिडी सरकवायची. वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. फरशी ओली असेल तर आधी कोरडी करायची, गोणपाट बंद.

एकटं असण्यावर उपाय वहिनींनीच काढला. चढण्याआधी एक मिस्ड कॉल, उतरल्यावर एक. अर्ध्या तासात दुसरा आला नाही तर वहिनी फोन करणार, उचलला नाही तर गिऱ्हाईकाला करणार, त्यासाठी प्रत्येक कामाचा पत्ता आणि नंबर सकाळीच व्हॉट्सॲपवर टाकायचा, लाइव्ह लोकेशन ८ तासांचं सुरू ठेवायचं. फोन छातीच्या चेनच्या खिशात, मागच्या खिशात नाही कारण माणूस त्याच बाजूवर पडतो. खिशात एक शिट्टी. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, ते सेटिंगमध्ये चालू करून दिलं आणि बटण बघून नाही तर चाचपून सापडतं का हेही करून बघितलं.

विम्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत आहे, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख, वय १८ ते ७०, पैसे बँकेतून आपोआप जातात आणि वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. दादांची नव्हती, आता काढली. पण मोडलेलं हाड बरं होत असेल तर यातून काही मिळत नाही, हॉस्पिटलचा खर्च आणि तीन महिन्यांची बुडालेली मजुरी यात बसत नाही. ईएसआयसी ही कामगारांची सरकारी विमा योजना मालकाकडे नोकरी असणाऱ्यांसाठी, दादांसारखा स्वतःच मालक असलेला माणूस त्यात येत नाही.

काय निष्पन्न झालं, काय राहिलं

दादा परत कामाला लागले. टाच संध्याकाळी सुजते, जिना उतरताना कठडा धरतात. कमाई आधीइतकी नाही कारण दिवसाला कामं कमी बसतात, दांड्याने वेळ लागतो. एका शोरूमने काम काढून घेतलं, त्यांना वरचा बोर्डसुद्धा शिडी लावून पुसून हवा होता आणि दादा नाही म्हणाले. क्लिनिकचं काम चालू आहे, मॅडम स्वतः येऊन तपासणीची खोली उघडतात आणि काम होईपर्यंत खाली बसतात.

परत हेच घडायचं झालं तर मी सगळ्यात आधी गिऱ्हाईकाकडून सुरुवात करीन. कारागिराला शिकवणं सोपं आहे, तो ऐकतोही, पण शिडी त्यांची, फरशी त्यांची, चावी त्यांची, आणि रविवारी रिकाम्या घरात एकट्याला बोलवायचा निर्णयही त्यांचाच असतो. मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना हे सांगितलंय, जुन्या शिड्या तपासून खराब असतील त्या भंगारात टाका आणि बाहेरचा माणूस उंचावर काम करत असताना कुणीतरी हजर ठेवा म्हणून. एका सोसायटीने शिडी टाकली. दुसरीकडे मीटिंगमध्ये विषय घेऊ म्हणालेत.

बाहेरून बंद ग्रिल असलेल्या पहिल्या मजल्याच्या खिडक्यांचं अजून जमलेलं नाही. आतून हात ग्रिलपर्यंतच जातो, दांड्याचा पॅड गजात अडकतो, आणि शिडी ग्रिलला टेकवायची तर ते ग्रिल भिंतीत कितपत पक्कं बसवलंय ते खालून कळत नाही. अशी कामं दादा सध्या घेत नाहीत. गजातून जाईल असा चिंचोळा पॅड पुतण्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतोय.